बूटविक्याच्या गावी

पहिला दिवस, शनिवार. प्राग

प्रागला गेलेला माणूस किल्ला बघतो, चार्ल्स पूल बघतो, चौकातल्या जुन्या घड्याळाखाली मान मोडेपर्यंत उभा राहतो. आम्हीही ते सगळं केलं, पण दुपारनंतर. सकाळी दहाला मी, ही आणि माझी भाची वेन्सेस्लास चौकात एका काचेच्या इमारतीसमोर उभे होतो. ते बुटांचं दुकान आहे हे लक्षात आल्यावर हिने माझ्याकडे जसं बघितलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"चाळीस वर्षं दुकानात बसलात. आता विमानाचं तिकीट काढून परत दुकानातच?"

तिचं काही चुकलं नव्हतं. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पेठेत आमचं चपलांचं दुकान आहे. आजोबांनी टाकलं, अण्णांनी म्हणजे वडिलांनी वाढवलं, मी चालवलं, आता मुलगा बघतो. बाटाची एजन्सी आमच्याकडे कधीच नव्हती, पण अण्णांचं दैवत बाटा. महिन्यातून एकदा साताऱ्याला जायचे ते शोकेस बघायला. कुठला जोड पुढे ठेवलाय, नंबराची चिठ्ठी कुठे चिकटवलीय, किंमत कशी लिहिलीय, सगळं डोक्यात भरून आणायचे. वीस रुपयांची चप्पल आमच्याकडे एकोणीस रुपये नव्वद पैशांना मिळायला लागली ती त्यामुळे. गावातली म्हातारी माणसं 'बाटा घातला आणि बाटला' असा विनोद करायची. अण्णा म्हणायचे, "पायात घालून कुणी बाटत नाही हो, अनवाणी फिरून मात्र काटा मोडतो."

सप्टेंबर २००८ मध्ये पेपरात एक छोटी बातमी आली. कंपनीचे संस्थापक टॉमस बाटा यांचा मुलगा, त्याचंही नाव टॉमसच, वयाच्या ९३व्या वर्षी टोरोंटोत वारला. पाच खंडांत दुकानं असलेल्या या माणसाच्या व्हिजिटिंग कार्डावर हुद्दा छापलेला होता 'मुख्य बूटविक्रेता'. ना अध्यक्ष, ना मालक. ती बातमी कापून मी गल्ल्याच्या काचेखाली सरकवली. कागद पिवळा पडला, पण अजून तिथेच आहे. भाचीला चेक देशातल्या ब्रनोला नोकरी लागली आणि तिने "मामा, या की एकदा" म्हटलं, तेव्हा नकाशात ब्रनोच्या आधी मी बाटांचं मूळ गाव झ्लीन शोधलं.

तर ही बाटाची इमारत. १९२९ ची. लुडविक किसेला या वास्तुरचनाकाराने काँक्रीटचा सांगाडा उभा करून दर्शनी बाजू जवळजवळ सगळी काचेची ठेवली. मजल्यामजल्यामधले पांढऱ्या काचेचे आडवे पट्टे जाहिरातीची अक्षरं लावायला. म्हणजे इमारत हीच पाटी. शेजारच्या इमारतींवर नक्षी, पुतळे, महिरपी. मधेच हा कोरा चकचकीत डबा. शंभर वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी नाकं मुरडली असणार. मला मात्र अण्णांची शोकेस आठवली. तिला त्यांनी लाकडी चौकट कधी लावू दिली नाही, माल झाकतो म्हणून.

आत अजूनही बाटाचंच दुकान आहे. पूर्वी या दुकानांत बुटांची दुरुस्ती व्हायची, पायांची निगा राखायची सोय असायची, मोजे मिळायचे. आता सगळं हाताने उचला, घाला, आरशात बघा. तरणी पोरं विचारलं तर सांगतात, पण पायाला हात लावत नाहीत. आमच्याकडे गिऱ्हाईक बसलं की आपण समोरच्या बुटक्या स्टुलावर बसायचं, त्याची टाच हातात घ्यायची, बूट चढवायचा आणि अंगठ्याने पुढे दाबून बघायचं. अण्णांचा आणखी एक नियम होता: बूट सकाळी घेऊ नये. संध्याकाळपर्यंत पाय फुगतो, खरा नंबर तेव्हा कळतो. अर्थात सकाळी आलेल्या गिऱ्हाइकाला हे ते कधी सांगत नसत. भवानी कोण सोडतं?

दुसरा दिवस, रविवार. रेल्वे

प्रागहून ओट्रोकोवित्सेपर्यंत थेट गाडी आहे, तीनेक तास. बाहेर पिवळी धमक मोहरीसारखी शेतं. ही डोळे मिटून बसली आणि भाचीने विचारलं, "मामा, हा बाटा नेमका कुठला? ऑफिसात मी म्हटलं बाटा इंडियन आहे, तर सगळे माझ्यावर तुटून पडले."

हे तिचं एकटीचं नाही. आपल्याला बाटा आपला वाटतो, कारण १९३१ पासून तो इथे आहे. आधी कोलकात्याजवळ कोन्नगरला, मग बाटानगर वसवून. कॅनडावाल्यांना तो त्यांचा वाटतो. कंपनीचा कारभार आता स्वित्झर्लंडमधून चालतो. नावाचा खरा उच्चार 'बात्या'. 'त्या' म्हणताना जीभ टाळ्याला लागते.

थोरला टॉमस १८७६ साली झ्लीनमध्ये जन्मला. घराण्यात पिढ्यान् पिढ्या जोडे शिवण्याचा धंदा. १८९४ साली भाऊ अँटोनिन आणि बहीण अ‍ॅना यांच्यासोबत त्याने कंपनी काढली. वर्षभरात कर्जाने पार बुडायची वेळ आली. कातडं महाग, म्हणून त्याने कापडी बूट काढला, तो खपला आणि गाडी रुळावर आली. १९०४ साली अमेरिकेत लिन नावाच्या बूटकारखान्यांच्या गावी जाऊन कामगार म्हणून राबला, यंत्रं कशी चालतात ते शिकून आला. पहिल्या महायुद्धात सैन्याच्या बुटांचं काम मिळालं. इथवर ही कुठल्याही उद्योगपतीची गोष्ट आहे. मला ओढ होती ती पोराची. धंदा उभा करणाऱ्यावर लोक पुस्तकं लिहितात. वारशाने मिळालेलं नाव आयुष्यभर खांद्यावर घेऊन गावोगाव विकत हिंडणाऱ्याला मात्र लोक नशीबवान म्हणून मोकळे होतात. मीही वारस आहे. नशीबवान म्हणवून घ्यायला माझी ना नाही, पण दिवाळीच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत खोकी लावून बघा म्हणावं.

ओट्रोकोवित्सेहून ट्रॉलीबसने झ्लीन. अर्ध्या तासात लाल विटांच्या, एका मापाच्या इमारती सुरू झाल्या. रात्री जेवायला तळलेलं चीज आणि बटाटे. शाकाहारी माणसाला या देशात तळलेलं चीज तारतं. कोबीच्या आंबट सुपाला छान वास येत होता, पण त्यात सॉसेज निघालं.

तिसरा दिवस, सोमवार. एकवीस नंबर

संग्रहालय सोमवारी बंद. चूक माझी. इतके महिने बेत आखला आणि एवढं बघितलं नाही. हिला बोलायला निमित्त मिळालं. मग एकवीस नंबरकडे मोर्चा वळवला, कारण ते सरकारी कचेरीचं ठिकाण आहे आणि कचेरी सोमवारी उघडी असते.

इथे इमारतींना नावं नाहीत, नंबर आहेत. पहिला आकडा रांगेचा, दुसरा रांगेतल्या इमारतीचा. एकवीस म्हणजे दुसऱ्या रांगेतली पहिली. ही कंपनीची कचेरी. व्लादिमिर कार्फिकने आखलेली, १९३८ साली पुरी झालेली, साडेसत्याहत्तर मीटर उंच. त्या काळी युरोपातल्या उंच इमारतींमध्ये मोडायची. आता जिल्हा परिषदेसारखा प्रादेशिक कारभार तिथून चालतो. आत शिरलो तर लोक हातात फायली घेऊन निघालेले. सातारच्या कचेरीत आलो असं वाटलं, फक्त पान खाल्लेलं कुणी नव्हतं.

या इमारतीत एक चमत्कारिक गोष्ट आहे. साहेबांची केबिन हीच एक लिफ्ट. सहा मीटर बाय सहा मीटर. टेबल, टेलिफोन, हवा खेळवायचं यंत्र, एवढंच काय, गरम-थंड पाण्याच्या नळाचं बेसिन. खाली-वर सरकणाऱ्या खोलीत नळाचं पाणी कसं आणलं असेल यावर मी बराच वेळ डोकं चालवलं. कल्पना अशी की कारकुनाने कागद घेऊन साहेबाकडे जायचं नाही, साहेबानेच मजल्यावर यायचं.

"म्हणजे साहेब कुठल्या मजल्यावर कधी उगवेल याचा भरवसा नाही," ही म्हणाली. नेमकं बोलली. मी इतका वेळ नळात अडकलो होतो.

ही केबिन थोरल्या टॉमसने कधी बघितलीच नाही. तो १९३२ साली विमान अपघातात गेला, त्याचं उद्या लिहितो. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा. कारभार थोरल्याच्या सावत्रभावाकडे, यान अँटोनिनकडे गेला. लिफ्टची केबिन त्याच्यासाठी. पण इमारत पुरी झाली १९३८ ला आणि १९३९ च्या मार्चमध्ये हिटलरचं सैन्य प्रागमध्ये शिरलं. काका देश सोडून आधी अमेरिकेला, मग ब्राझीलला गेला. पुतण्या काही कामगार आणि त्यांच्या कुटुंबांसह कॅनडात आला, ओंटारियोत ट्रेंट नदीकाठी कारखाना घातला आणि गावाला नाव दिलं बाटावा. युद्धाच्या दिवसांत तिथे बुटांबरोबर युद्धसाहित्यही बनलं.

युद्धानंतर काका-पुतण्यात कंपनी कुणाची यावरून कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या आणि वर्षानुवर्षं चालल्या. काका-पुतण्या म्हटलं की मराठी माणसाला जे आठवायचं ते आठवलंच, पण इथे गारद्यांऐवजी वकील होते. शेवटी नाव पुतण्याकडे राहिलं. काकाने ब्राझीलमध्ये गावं वसवली आणि १९६५ साली साओ पावलोत देह ठेवला. त्याच्यावर मायदेशी युद्धकाळातल्या वागणुकीबद्दल गुन्हेगाराचा शिक्का बसला होता, तो २००७ साली पुसला गेला. त्याचीही बाजू ऐकण्यासारखी आहे. झ्लीनमध्ये आज जे दिसतं त्यातलं बरंच त्याच्या काळातलं.

वर जाताना आणखी एक लिफ्ट दिसली, पाळण्यासारखी. दार नाही, थांबणं नाही. खोकी एकामागून एक वर सरकत असतात, आपण उडी मारून आत शिरायचं. भाची टुणकन गेली. मी दोन खोकी सोडली, तिसऱ्यात पाय टाकला. ही जिन्याने आली.

गच्चीवरून सगळं गाव दिसतं. एका बाजूला कारखान्याच्या रांगा, एकाच मापाच्या, सव्वासहा मीटरला जरा कमी अशा चौकटी, मधे विटा आणि काच. दुसऱ्या बाजूला टेकडीवर झाडांत पेरलेली कामगारांची घरं. लाल विटांचे ठोकळे, सपाट छपरं, मधे कुंपणं नाहीत. 'काम एकत्र, राहणं स्वतंत्र' असं कंपनीचं धोरण होतं. दुपारी तिथून फिरलो. अंगणात सफरचंदाची झाडं, एका म्हाताऱ्या बाईने 'दोब्री देन' म्हणून हात केला. मुंबईतल्या गिरणी कामगाराला चाळीत दहा बाय बाराची खोली मिळायची त्याच काळातलं हे. पण घर कंपनीचं म्हणजे चाव्याही कंपनीच्या. १९०६ साली संप झाला तेव्हा थोरल्याने संपवाल्यांना बाहेरचा रस्ता दाखवला आणि पुढेही युनियनला कधी थारा दिला नाही. बाग मिळते, पण आवाज मिळत नाही. हा सौदा मी कामगार असतो तर केला असता का? बहुधा केला असता, आणि मग दर रविवारी बागेत बसून कुरकुरलो असतो.

चौथा दिवस, मंगळवार. मूठ

संग्रहालय चौदा आणि पंधरा नंबरच्या जुन्या कारखाना-इमारतींत आहे. बूट, बूट घडवायचे फर्मे, शिलाईची यंत्रं. यंत्रांपाशी मी इतका रेंगाळलो की ही आणि भाची पुढे निघून गेल्या. लाकडी फर्मे हातात घ्यावेसे वाटत होते, पण काचेआड होते. आमच्याकडे आजोबांच्या वेळचे दोन आहेत, माळ्यावर.

मला बघायचं होतं ते १९२२ चं भित्तिपत्रक. पार्श्वभूमीला वगैरे काही शोभा नाही. एक मूठ वरून खाली येते आणि 'द्राहोता' या शब्दाची अक्षरं चिरडते. द्राहोता म्हणजे महागाई.

त्यामागची गोष्ट अशी. युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियाचं चलन एकाएकी वधारलं. परदेशात माल महाग पडायला लागला, निर्यात बसली, गोदामं भरून वाहायला लागली, आणि देशातल्या लोकांच्या हातात पैसा नाही. बाकीचे कारखानदार सरकारकडे अर्ज करत बसले. थोरल्याने १ सप्टेंबर १९२२ पासून बुटांची किंमत निम्म्यावर आणली. निम्म्यावर! इतरांना वाटलं याचं डोकं फिरलं. दुकानांपुढे रांगा लागल्या, गोदामं रिकामी झाली. मात्र त्याच वेळी कामगारांची मजुरी चाळीस टक्क्यांनी कापली होती, बदल्यात त्यांना कंपनीच्या दुकानांतून धान्य-कपडा स्वस्तात दिला. मूठ महागाईवर पडली खरी, थोडी कामगाराच्या पाठीवरही पडली. आणि गावोगावच्या हाताने जोडे शिवणाऱ्यांवर तर पुढची दहा-पंधरा वर्षं पडतच राहिली. ते काही चित्रात नाही.

तरी धंदेवाईक म्हणून मी त्या चित्रापुढे हात जोडतो. त्यात बूटच नाही! बुटाच्या जाहिरातीत बूट न दाखवता गिऱ्हाइकाला रात्री झोप का लागत नाही तेवढंच दाखवलंय. आपल्याकडे १९३० च्या दशकात याच कंपनीची एक जाहिरात होती: धनुर्वातापासून सावध राहा, साधी जखमही घातक ठरू शकते, म्हणून बूट घाला. अनवाणी चालणाऱ्या मुलखात महागाई चिरडून काय उपयोग? तिथे भीती खिळ्याची. युरोपात मूठ, भारतात खिळा. नंतर 'आधी बाटात, मग शाळेत' आलं. जूनमध्ये पोराचा हात धरून दुकानात येणाऱ्या बापाला वेगळं काही सांगावंच लागत नाही. ती एक ओळ आमच्या दुकानालाही चाळीस वर्षं गिऱ्हाईक पुरवत आली आहे. फुकटात.

भिंतींवरची वाक्यंही खास. 'दिवसात ८६,४०० सेकंद असतात.' 'विचार माणसांना, कष्ट यंत्रांना.' 'गिऱ्हाईक आमचा धनी.' पहिलं वाक्य ऐकून ही म्हणाली, "घरात लावू नका." कुदलोव्हच्या टेकडीवर तर १९३६ साली कंपनीने स्वतःचा फिल्म स्टुडिओच काढला, जाहिरातपट करायला. कंपनी गेली, स्टुडिओ राहिला आणि तिथे पुढे लहान मुलांचे चित्रपट आणि बाहुल्यांचे अ‍ॅनिमेशनपट तयार झाले. बालचित्रपटांचा मोठा महोत्सव झ्लीनमध्ये अजून दर वर्षी भरतो. जाहिरातीच्या पोटी असं काही जन्माला येतं हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुपारी थोरल्याचं स्मारक. गाहुरा नावाच्या वास्तुरचनाकाराने १९३३ साली बांधलेलं. नुसती काच आणि काँक्रीट, आत जवळजवळ काहीच नाही. छताला टांगलेलं एक विमान, युंकर्स एफ १३ ची प्रतिकृती. १२ जुलै १९३२ च्या सकाळी ओट्रोकोवित्सेवर दाट धुकं होतं. स्वित्झर्लंडला मोह्लिनच्या कारखान्याकडे जायचं होतं. वैमानिक थांबू या म्हणत होता असं सांगतात. ८६,४०० सेकंद मोजणारा माणूस कसला थांबतो! उडाल्यावर काही मिनिटांत विमान कोसळलं. दोघेही गेले. त्याआधीच्याच हिवाळ्यात, काही महिन्यांपूर्वी, तो विमानानेच भारतापर्यंत येऊन गेला होता. त्या रिकाम्या काचेच्या खोलीत आम्ही तिघं दहा मिनिटं न बोलता उभे होतो. आमच्या घरी हे सहसा घडत नाही.

संध्याकाळी चौकात बाकावर बसलो आणि मी दोघींना पोराची गोष्ट सांगितली, जिच्यासाठी मी आलो होतो.

१९४५ साली झ्लीनचा कारखाना सरकारने ताब्यात घेतला. १९४९ साली गावाचंच नाव बदललं. कम्युनिस्ट अध्यक्ष गॉटवाल्डवरून गॉटवाल्डोव्ह. कारखान्याचं नाव झालं स्वित. म्हणजे या माणसाचं गाव गेलं, कारखाना गेला, घर गेलं आणि मायदेशात नावसुद्धा पुसलं. हातात राहिली परदेशातली दुकानं आणि पाटीवरची चार-पाच अक्षरं. त्या अक्षरांवर त्याने पुढची चाळीस वर्षं काढली. १९४६ साली लग्न केलं ते सोन्याशी, स्विस मुलगी. ती वास्तुकलेची विद्यार्थिनी. नवऱ्याबरोबर दुकानं आणि कारखाने बघत देशोदेशी फिरता फिरता ती तिथली जुनी पादत्राणं गोळा करायला लागली. शेवटी इतकी झाली की टोरोंटोत १९९५ साली त्यांचं संग्रहालय उघडलं. आज तिथे तेरा हजारांहून जास्त वस्तू आहेत आणि इमारत दिसते बुटाच्या खोक्यासारखी, झाकण जरा तिरकं राहिलेली. मला ही सगळ्यात चांगली जाहिरात वाटते. आपला माल नाही, जगाचाच पाय मांडून ठेवला.

आणि मग डिसेंबर १९८९. प्रागमध्ये सत्ता डळमळली आणि काही आठवड्यांतच, १४ डिसेंबरला, पंचाहत्तरीचा टॉमस बायकोला घेऊन इथे आला. पन्नास वर्षांनी. पाट्यांवर अजून गॉटवाल्डोव्हच होतं. थंडीत माणसांनी हा चौक भरून गेला होता. त्यातल्या निम्म्यांनी त्याला कधी पाहिलंही नसेल, पण त्यांच्या आई-बापांची घरं बाटाची होती. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १ जानेवारी १९९० ला, गावाला झ्लीन हे नाव परत मिळालं. कारखाना त्याला परत मिळाला नाही. काही दुकानं मिळाली, नवी काढली. स्वित पुढे बुडाली. ज्याने कारखाना गमावला त्याची दुकानं जगली, ज्यांनी राखला त्यांचा कारखाना बंद पडला.

"म्हणजे तो जिंकला," भाची म्हणाली.

"परतावा तरी काय मिळाला?" हिने विचारलं. दुकानदाराची बायको.

मला उत्तर सुचलं नाही. २००१ साली इथे बापाच्या नावाचं विद्यापीठ झालं, ते मी सांगितलं. तिने मान डोलावली, पण समाधान झालेलं दिसलं नाही.

पाचवा दिवस, बुधवार. बोटी

चेक भाषेत बुटांना 'बोटी' म्हणतात. दुकानावर ती अक्षरं वाचून आम्ही तीन दिवस हसत होतो. आज खऱ्या बोटीत बसलो. बाटा कालवा हा ओट्रोकोवित्सेपासून दक्षिणेकडे पन्नासेक किलोमीटर जातो. १९३४ ते १९३८ च्या मंदीच्या दिवसांत सरकार आणि कंपनीने मिळून खणला. दक्षिणेच्या खाणींतला तपकिरी कोळसा कारखान्याच्या वीजघरापर्यंत स्वस्तात आणायचा म्हणून. बेकारांना काम मिळालं, कुदळ-फावड्यांनी बराचसा खणला गेला. आपल्याकडे दुष्काळात पाझर तलाव खणले त्याची आठवण झाली. पुढे कोळशाच्या होड्या थांबल्या, कालवा गाळाने भरला आणि १९९० नंतर सहलीसाठी साफ झाला.

स्पितिह्नेव्हला छोटी बोट भाड्याने घेतली, परवाना लागत नाही. भाचीने सुकाणू धरलं. पाणी वर-खाली करणाऱ्या दारात शिरल्यावर बोट भिंतीला घासली, हिने देवाचं नाव घेतलं, दार उघडणाऱ्या तरुणाने दोर फेकून आम्हाला सरळ केलं. काठावर बगळे, सायकलवाले, एका टपरीत गोल पातळ गोड पोळीसारखा फ्रगाल, वर नासपतीचा मुरंबा आणि चुरा. दोन खाल्ले. बुटांचा विचार दिवसभर आला नाही.

सहावा दिवस, गुरुवार. झ्लीनहून ब्रनो

सकाळी साडेनऊला गावातल्या बाटाच्या दुकानात गेलो. या गावातून एक जोड तरी न्यायचाच, असं मी घरून ठरवून निघालो होतो. तपकिरी, बंदांचा, साधा. किंमत १,९९९ कोरुना. अशा नऊवर संपणाऱ्या किमतीला इथे लोक बाटाची किंमत म्हणतात, हे भाचीने सांगितलं तेव्हा अण्णांचे एकोणीस रुपये नव्वद पैसे आठवले. मनातल्या मनात चारने गुणलं आणि तरीही घ्यायचं ठरवलं.

दुकानात एकच बाई होत्या, साठीच्या. मी बसलो. त्या एक बुटकं स्टूल ओढून समोर बसल्या. माझी टाच हातात घेतली, बूट चढवला, बंद आवळले आणि अंगठ्याने पुढे दाबलं. मी हिच्याकडे बघितलं. ही माझ्याचकडे बघत होती.

बाईंनी मान हलवली, एक नंबर वरचा आणला, परत दाबला, परत मान हलवली. मग भाचीशी बरंच काही बोलल्या.

"काय म्हणतायत?"

"मामा, त्या म्हणतायत आत्ता घेऊ नका. दिवसभर चाला, संध्याकाळी या. पाय फुगला की खरा नंबर कळेल."

सकाळची वेळ, दुकानात दुसरं कुणी नाही, आणि हातात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतात. थोरल्या बाटाने या बाईंना बक्षीस दिलं असतं की कामावरून काढलं असतं, मला ठरवता येईना. अण्णांनी तर नक्की डोक्याला हात लावला असता.

आमची गाडी साडेबाराची होती. मी माझ्या जुन्या चपला पायात सरकवल्या, बाईंना नमस्कार केला. त्यांनीही हात जोडले, अगदी आपल्यासारखे.